काठीबाबा आणि उघडं झाकण

साबणाच्या कारखान्यात त्या दिवशी कुणाचाच पाय जमिनीवर ठरत नव्हता. एक तर फरशीवर साबण सांडला होता, आणि दुसरं म्हणजे काठीबाबा आले होते.

कटर मशीनभोवती पाळीवरचे सगळे कामगार गोळा झाले होते. मागच्यांना दिसेना म्हणून काही जण पुठ्ठ्याच्या खोक्यांवर चढले. खोकी ओली होती, ती खचली, आणि "कुठंय चमत्कार, कुठंय?" असं विचारत ती मंडळी खालूनच वर माना काढू लागली. सगळ्यांत पुढे मालकीणबाई, म्हणजे मामी, हात जोडून उभ्या होत्या. त्यांच्या मागे कारखान्याचे मालक, म्हणजे मामा. त्यांनीही हात जोडले होते, पण मामींनी मागे वळून पाहिलं तेव्हाच.

बाबांचा झगा पांढराशुभ्र होता, चष्मा काळाकुट्ट होता आणि काठी त्यांच्याहून वीतभर उंच होती. काठीच्या टोकाला कांद्याएवढी लाकडी मूठ होती. शेजारी त्यांचा चेला खांद्याला झोळी लावून उभा होता. बाबा काही बोलले की "वा!" म्हणणं हे त्याचं काम.

"यंत्र का थांबतं?" बाबांनी विचारलं. "माणूस का थांबतो? दोघांनाही समजून घेणारं कुणी नसतं म्हणून!"

"वा!" चेला म्हणाला.

"मी या मशीनच्या पोटात डोकावून पाहिलंय. याची पॉझिटिव्ह वायर सध्या निगेटिव्ह विचार करतेय."

या वाक्यावर कारखान्याच्या इलेक्ट्रिशियननेसुद्धा मान डोलावली, आणि मग आपण कशाला डोलावली ते त्यालाच कळेना.

बाबांनी डोळे मिटले, घशातून घर्रघर्र आवाज काढला आणि काठीची मूठ मशीनच्या कडेला टेकवली. तीन दिवस निपचित पडलेलं कटर खाडकन जागं झालं. साबणाची लांबलचक पट्टी पुढे सरकली, खट्, खट्, खट् करत पातं खाली आलं आणि वड्या सरकत्या पट्ट्यावर पडू लागल्या. एकच जल्लोष झाला. बाबांनी काठी उचलली, मशीन थांबलं. काठी टेकवली, मशीन सुरू. तान्हं मूल मांडीवर घेतलं की गप्प आणि खाली ठेवलं की भोकाड, अगदी तसं.

त्या गर्दीत फक्त एकीने हात जोडले नव्हते. तिच्या हातात लॅपटॉप होता.

ती मामांची सख्खी भाची. कारखान्यातले लोक तिला स्क्रीनताई म्हणत, कारण भिंतीवरची ती मोठी स्क्रीन तिने लावली होती. कुठलं मशीन चालू आहे, कुठलं थांबलं आणि कशामुळे थांबलं, हे त्या स्क्रीनवर जागच्या जागी दिसायचं. मशीनमशीनला सेन्सर होते, सेन्सरांकडून खबर सॉफ्टवेअरला जायची आणि सॉफ्टवेअर ती सगळ्यांसमोर मांडायचं. त्याआधी माल कमी निघाला की कटरवाला म्हणायचा, "मागून साबणच आला नाही." मागचा म्हणायचा, "पुढे जागाच नव्हती." पॅकिंगवाल्या म्हणायच्या, "आम्हाला विचारतंय कोण?" आणि मामा म्हणायचे, "जाऊ द्या, चहा घ्या." स्क्रीन आल्यापासून भांडणं कमी झाली, मशीनं कमी वेळ बंद राहू लागली आणि माल वेळेवर बाहेर पडू लागला. चहा मात्र पूर्वीइतकाच राहिला.

आणि अशात कटर बंद पडलं होतं. स्क्रीनवर लाल अक्षरांत एकच ओळ: "कटर बंद. कारण: झाकण उघडं."

झाकण तर घट्ट बंद होतं. स्क्रीनताईने ते दाबून पाहिलं, आपटून पाहिलं, शेवटी वर चढून त्यावर बसूनही पाहिलं. स्क्रीनचं आपलं तेच. झाकण उघडं.

या झाकणाची व्यवस्था साधी असते. आत धारदार पातं, म्हणून वर झाकण. मशीनच्या कडेला एक स्विच, आणि झाकणाला त्याच्यासमोर येईल असा एक काळा ठोकळा. झाकण लागलं की ठोकळा स्विचसमोर येतो, स्विच म्हणतो "झालं बंद", आणि मग पातं हलतं. झाकण उघडलं की पातं जागच्या जागी थांबतं, कुणाची बोटं जाऊ नयेत म्हणून. स्क्रीनताईने स्विच बदलला, वायर बदलली, प्रोग्रॅम तपासला. ठोकळ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला ना वायर ना दिवा, त्याच्यात काय बिघडणार? मग तिने मशीन बनवणाऱ्यांकडे झाकणाचा नवा संच मागवला. तो यायला वेळ लागणार होता.

मामींना तेवढा दम कुठला! आदल्याच आठवड्यात त्यांनी काठीबाबांना कारखाना दाखवायला आणलं होतं. बाबा ऑफिसात बसून सरबत पीत होते आणि चेला एकटाच झोळी घेऊन "लहरी मोजत" मशीनमागून मशीन हिंडत होता. जाताना बाबा म्हणाले होते, "कापणाऱ्या यंत्रावर सावट आहे. लवकरच रुसेल." दुसऱ्या दिवशी कटर रुसलं. मग काय, मामींचा विश्वास पक्का झाला.

आता कटर चालल्यावर बाबांनी काठीची मूठ फिरवून उघडली, आतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि त्याची छोटी पुरचुंडी करून ती मशीनच्या कडेला, नेमकी स्विचवर, बांधली.

"हा सिद्धमणी. हा इथे आहे तोवर यंत्र थांबणार नाही. पण याची शक्ती उतरते. अधूनमधून मी घेऊन जाईन, भरून आणीन."

"मोबाइलसारखं?" स्क्रीनताईने विचारलं.

"मोबाइल माझ्याकडून शिकला!" बाबा गरजले.

"वा!" चेला म्हणाला.

"आणि ही पुरचुंडी कुणी उघडायची नाही. जो उघडेल त्याच्या अंगाला जन्मभर फेस येईल."

साबणाच्या कारखान्यातल्या माणसांना ही शिक्षा तशी रोजच्याच कामासारखी होती. तरी सगळे दोन पावलं मागे सरले.

त्यानंतर कटर खरंच थांबेना. पूर्वी वडी अडकली की झाकण उघडायचं, पातं थांबायचं, वडी काढायची, झाकण लावायचं, मग मशीन पुन्हा सुरू. आता झाकण उघडलं तरी पातं चालूच! कटर चालवणारे काका चालत्या मशीनमधूनच अडकलेली वडी टिचकीने उडवू लागले. पाळीतले सगळे त्यांना कटरकाका म्हणत, आणि त्यांचा हात चलाख होता. वेळ वाचला, माल वाढला. स्क्रीनवरचा आलेख मांजर झाडावर चढावं तसा सरसर वर गेला.

"बघ!" मामींनी भाचीला स्क्रीनसमोर उभं केलं. "मी नाही म्हणत, बाबा नाही म्हणत. तुझाच पडदा म्हणतोय. आता बोल."

स्क्रीनताईने आलेख पुन्हा एकदा पाहिला. आलेख तिचाच होता. माल किती वाढला हे तो बरोबर सांगत होता. कशामुळे वाढला, हे मात्र तिने अजून कुणाला विचारलंच नव्हतं, स्वतःलाही नाही.

"मामा, तुम्हाला काय वाटतं?"

"मला?" मामांनी आजूबाजूला पाहिलं. "मला चहा घ्यावासा वाटतो."

आणि एका दुपारी कटरकाका ओरडले.

स्क्रीनताई धावली. झाकण सताड उघडं होतं, काका भिंतीला टेकून बसले होते आणि पांढरेफटक पडले होते. पट्ट्यावरून वड्यांच्या रांगेत त्यांचा रबरी हातमोजा चालला होता. बोटं कापलेला, अगदी वडीच्या मापात. तिने आधी काकांचा हात हातात घेतला आणि एकेक बोट चाचपून पाहिलं. सगळी जागेवर होती. मग मात्र ती काकांशेजारी फतकल मारून बसली.

"हातमोजा गेला, हात वाचला," काका म्हणाले. "बाबांची कृपा गं पोरी."

"काका, झाकण लावलेलं असतं तर हातमोजाही वाचला असता."

बोलता बोलता तिचं लक्ष वर गेलं. पातं अजून खट्, खट् करत होतं. डोळ्यांदेखत झाकण उघडं होतं, आणि स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत ओळ होती: "झाकण: बंद."

ती उठली. तिने कटरची वीज तोडली, त्या बटणाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मग तिथेच उभी राहून विचार करू लागली. झाकण बंद होतं तेव्हा हा स्विच म्हणायचा उघडं, आणि उघडं आहे तर म्हणतोय बंद. खोटं बोलणारा काहीही बोलतो, तो इतक्या शिस्तीत उलटं बोलत नाही. म्हणजे स्विच खोटं बोलतच नव्हता. त्याच्यासमोर जे येतं तेवढंच तो सांगत होता. पूर्वी त्याच्यासमोर जे यायचं ते मध्यंतरी येतच नव्हतं, आणि आता कायमचं काहीतरी बांधलेलं होतं.

"मामी, मला तुमच्या फ्रिजवरचं बदक हवंय."

"बदक?" मामी आधीच संतापल्या होत्या. "तू मशीनला कुलूप घातलंस, बाबांच्या मण्याचा अपमान केलास, आणि आता माझं बदक मागतेस? उद्या बाबा येणार आहेत. मशीन त्यांच्या हाताने चालेल आणि तुझा तो पडदा भिंतीवरून उतरेल. सांगून ठेवते!"

"उतरवा. पण बदक द्या."

बदक पिवळं होतं, प्लॅस्टिकचं, पोटात चुंबक असलेलं. मामींनी ते कुरकुरत दिलं, पण दिलं. भाचीवर त्यांचा जीव होता. राग फक्त आवाजात असायचा. त्या संध्याकाळी स्क्रीनताईने पुरचुंडी बाजूला सरकवली, पात्याकडची वीज बंदच ठेवली आणि नुसत्या स्विचला बदक लावून स्क्रीनकडे पाहिलं. "झाकण: बंद." काढलं. "झाकण: उघडं." ती एकटीच इतकी हसली की पहारेकऱ्याने येऊन विचारलं, "ताई, बरं आहे ना?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच थाट. या वेळी शेजारच्या कारखान्यांचे मालकही आले होते, कारण आपल्या मशीनलाही बाबा मिळाले तर कुणाला नको आहेत! बाबांना "कारखान्याचे ऊर्जागुरू" नेमायचं ठरलं होतं. स्क्रीन उतरवायला शिडीही आणून ठेवली होती.

"ज्या कुटुंबात पडद्यावर विश्वास आणि माणसावर अविश्वास," बाबा म्हणाले, "तिथे यंत्र कापत नाही, काळीज कापतं!"

"वा!"

"बाबा, एक शंका," स्क्रीनताईने हात वर केला. "तुमच्या मण्याशिवाय हे मशीन चालणारच नाही ना?"

"या पृथ्वीवर नाही."

"आणि दुसऱ्या कुणाच्या हाताने?"

"माझ्या हातात चाळीस वर्षांचं तप आहे, मुली."

"बरं." तिने पुरचुंडी सोडून बाजूला टेबलावर ठेवली, सगळ्यांना फरशीवरच्या पिवळ्या रेघेमागे उभं केलं, झाकण नीट लावलं आणि कुलूप काढून वीज सुरू केली. मशीन ढिम्म. स्क्रीनवर लाल ओळ: झाकण उघडं. बाबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मग तिने पिशवीतून बदक काढलं आणि स्विचला चिकटवलं.

खट्, खट्, खट्.

वड्या पडत होत्या आणि बदक मंद हसत होतं.

"त्या बदकात चैतन्य आहे!" बाबा सावरले. "काल स्वप्नात मीच त्याला दीक्षा दिली."

चेल्याने तोंड उघडलं, पण त्यालाही "वा" म्हणवेना.

"मग आता दुसऱ्या हाताने पाहू," स्क्रीनताई म्हणाली. "मामा, या इकडे."

"मी?" मामा दचकले. त्यांनी बदक काढलं, मशीन थांबलं. बदक लावलं, सुरू. पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. मामांचा चेहरा उजळला. "अहो! माझ्यात शक्ती आहे!"

"यांच्यात?" मामींचा आवाज छताला लागला. "शक्ती? यांच्यात? यांना घरातला बल्ब बदलता येत नाही! यांच्या हाताने चालतंय म्हणजे हा चमत्कार असूच शकत नाही!"

आणि त्या क्षणी मामींच्या डोक्यात जे लख्ख झालं, ते भाचीच्या कुठल्याही आलेखाने झालं नव्हतं. त्या पदर खोचून पुढे आल्या.

"काय आहे हे? नीट सांग मला."

"मामी, या स्विचला फक्त चुंबक कळतं. झाकणावरच्या या काळ्या ठोकळ्यात चुंबक असतं. झाकण लागलं की ते स्विचसमोर येतं. पण हा ठोकळा काम करत नाहीये, का ते मलाही कळलेलं नाही. दिसायला तर ठीक आहे."

"ठीक? किती धूळ बसलीय त्याच्यावर!" मामींना अस्वच्छता सहन होत नसे. त्यांनी बादलीतलं ओलं फडकं उचललं आणि ठोकळा खसाखसा पुसला.

ठोकळ्याला फेस आला.

मामी थांबल्या. पुन्हा पुसलं. अजून फेस. काळा रंग फडक्यावर उतरला आणि खालून पांढरीस्वच्छ, सुवासिक, त्यांच्याच कारखान्याची वडी दिसू लागली. कोरून, रंगवून, ठोकळ्याच्या जागी नीट बसवलेली.

"हा तर साबण आहे!" कटरकाका म्हणाले. "आपलाच! वासावरून सांगतो."

"मग खरा ठोकळा कुठंय?" मामांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चहाआधी प्रश्न विचारला होता.

सगळ्यांच्या नजरा टेबलावरच्या पुरचुंडीकडे गेल्या. कुणी हात लावेना. जन्मभर फेस म्हणजे थोडा विचार करण्यासारखी गोष्ट होती. शेवटी कटरकाका पुढे झाले. ज्या हाताची बोटं काल जाता जाता राहिली होती, त्याच हाताने त्यांनी गाठ सोडली. आत काळा ठोकळा निघाला, स्क्रूची भोकं असलेला, कडेला मशीन बनवणाऱ्यांचा छाप असलेला. काकांनी आपल्या अंगाकडे पाहिलं. फेस आला नव्हता.

बाबा दाराकडे सरकू लागले होते. पण साबणाच्या कारखान्यात कुणालाही पळता येत नाही. चार पावलांत ते बसले, बसल्या बसल्या घसरत गेले आणि खोक्यांच्या ढिगात जाऊन थांबले. चेल्याने पळण्याचा प्रयत्नच केला नाही. त्याने झोळी मामींच्या पायाशी ठेवली. तिच्यात स्क्रू-ड्रायव्हर, काळा रंग आणि वेगवेगळ्या मापांचे रंगवलेले ठोकळे होते. "मी नुसता बदलून यायचो," तो रडवेला होऊन म्हणाला. "बाबा पूर्वी मशीन बसवायच्या कामावर होते. कुठला भाग काढला की काय बंद पडतं, ते त्यांना पाठ आहे."

शेजारच्या कारखान्याच्या मालकांपैकी दोघांचे चेहरे एकदम उतरले. त्यांच्याकडेही आदल्या आठवड्यात बाबा सरबत प्यायला येऊन गेले होते.

मामांनी पोलिसांना बोलावलं आणि रीतसर तक्रार दिली. स्क्रीनताईने खरा ठोकळा झाकणावर बसवला. झाकण लावलं, कटर चालू. झाकण उघडलं, कटर बंद. काठी नाही, मणी नाही, बदकही नाही.

लोक पांगेनात. मामी एका खुर्चीवर बसून ते फेसाळलेलं फडकं हातात पिळत होत्या.

"मी इतकी वेडी कशी गं?" त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या पडद्यावर आलेख वर जाताना मी डोळ्यांनी पाहिला."

"आलेख खराच होता, मामी. माल वाढला होता. पण तो मण्यामुळे नाही, काका उघड्या पात्यात हात घालत होते म्हणून वाढला होता. मीही पाहिला, आणि मीही विचारलं नाही. मशीन थांबत होतं ते आपल्या बोटांसाठी थांबत होतं. ते थांबणं मला तोटा वाटलं. वेडेपणा असेल तर आपल्या दोघींचा आहे."

कटरकाकांनी खाली पाहत आपली बोटं चोळली. "मीपण कृपा कृपा करत बसलो. हातमोजा कापला गेला तेव्हाच विचारायला हवं होतं, पातं थांबलं का नाही म्हणून."

मामी उठल्या. फडकं बादलीत टाकलं आणि शेजारच्या मालकांकडे वळल्या. आवाज पुन्हा नेहमीचा झाला होता, छताला लागणारा.

"ऐका! उद्या तुमच्याकडे कुणी काठी, खडा, राख, पाणी, काहीही घेऊन आला तर हात जोडायच्या आधी हात लावून बघा. तो म्हणेल उघडू नका, तर तेच आधी उघडा. तो म्हणेल माझ्याच हाताने होतं, तर दुसऱ्याच्या हाताने करून बघा. घरातला सगळ्यांत कमी करामती माणूस निवडा, मी माझे देते हवं तर. आणि बंद पडायच्या आधी तिथे कोण येऊन गेलं होतं, ते एकदा आठवा. विचारल्याने देव कोपत नाही, पण विचारलं नाही तर बोटं जातात. कळलं?"

"कळलं," मालक एका सुरात म्हणाले.

"नुसतं कळलं म्हणू नका. जा, आपापली झाकणं ओल्या फडक्याने पुसून बघा!"

आणि ते खरोखरच निघाले, फरशीवरून जपून, एकमेकांचे खांदे धरून.